डोळ्यांआड जाणारे बांधकाम : स्वतःचे घर बांधू पाहणाऱ्यांसाठी प्रस्तावना

स्वतःच्या जागेवर, स्वतःच्या पैशाने घर बांधणारा माणूस एकाच वेळी ग्राहक, विकासक आणि देखरेख करणारा असतो, आणि या तिन्ही भूमिकांपैकी एकीचेही शिक्षण त्याला कोणी दिलेले नसते. तयार सदनिका घेणाऱ्याच्या पाठीशी २०१६ चा स्थावर संपदा कायदा आणि त्याखालील महारेरा हे प्राधिकरण उभे असते. विक्रीसाठी नसलेल्या, केवळ स्वतःच्या वापराच्या घराला मात्र त्या कायद्याखालील नोंदणी लागू होत नाही. त्यामुळे कामाचे वेळापत्रक किंवा बांधकामातील संरचनात्मक दोषांची पाच वर्षांची जबाबदारी अशा ज्या गोष्टी सदनिकाधारकाला कायद्यानेच मिळतात, त्या स्वतः घर बांधणाऱ्याला कंत्राटदाराशी केलेल्या करारात लिहून घ्याव्या लागतात. ग्राहक संरक्षण कायद्याने गृहबांधणी ही सेवा मानली असल्यामुळे दाद मागण्याचा मार्ग खुला आहे. परंतु दाद मागायची तर पुरावा लागतो आणि तो बहुतेक वेळा काँक्रीटच्या किंवा गिलाव्याच्या आत बुजलेला असतो. प्रस्तुत पुस्तकाचा सारा रोख याच अडचणीवर आहे. घराचे आयुष्य ज्या गोष्टींवर ठरते त्या सर्व बांधकाम चालू असताना थोडा वेळ उघड्या असतात आणि नंतर कायमच्या झाकल्या जातात, उलट मालकाचे लक्ष, वेळ आणि पैसा यांचा मोठा वाटा शेवटपर्यंत दिसत राहणाऱ्या फरशी, रंग आणि दर्शनी भागाकडे जातो.

ही विसंगती महाराष्ट्रात फार जुनी नाही. लाकूड, दगड, वीट आणि माती यांच्या घरात कोणता भार कोठून कोठे जातो हे घरात वावरणाऱ्याला रोज दिसत असे. घराचे माप खणांत सांगितले जाई. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण, आणि तुळईसाठी मिळणाऱ्या लाकडाच्या लांबीने ते अंतर आपोआप मर्यादेत राही. दोन खणी, तीन खणी, पाच खणी असे म्हटले की घराचा आकार, लागणारे लाकूड आणि खर्चाचा अंदाज मालक, सुतार व गवंडी या तिघांनाही एकदमच कळे. जोते म्हणजे जमिनीच्या वर उचललेला चौथरा किती उंच घ्यायचा, ओसरी आणि पडवी कोणत्या दिशेला ठेवायची, माजघरात उजेड कोठून आणायचा, या निर्णयांत घरमालकाला मत असे, कारण त्याने आजूबाजूची अशीच घरे उभी राहताना आणि दुरुस्त होताना पाहिलेली असत. तुळई वाकली तर ती दिसे, खांबाचा पाय कुजला तर तोही दिसे, आणि वाळवीची रेघ भिंतीवरून चढताना घरातल्या म्हातारीच्या नजरेतून सुटत नसे.

आरसीसी, म्हणजे आत लोखंडी सळई घातलेले काँक्रीट, सर्वत्र पोहोचल्यावर हा समान अनुभव मोडला. काँक्रीट दाब उत्तम सहन करते, ताण फारसा सहन करत नाही. ताण पेलण्याचे काम आतली सळई करते, आणि त्या दोन्हींचा मिलाफ हेच या पद्धतीचे मर्म आहे. परंतु सळई किती जाडीची, किती अंतरावर, तुळईच्या वरच्या अंगाला की खालच्या, हे काँक्रीट ओतल्यानंतर कोणालाच दिसत नाही. चांगला आणि वाईट कॉलम रंग लावल्यावर सारखेच दिसतात. संरचना अभियंत्याचा नकाशा मालकाला वाचता येत नाही, कंत्राटदार तो कामाच्या जागेवर आणतोच असे नाही, आणि ज्या सेंटरिंगवाल्याच्या व फिटरच्या हातून (साचे उभारणाऱ्याला सेंटरिंगवाला आणि सळई कापून-वाकवून बांधणाऱ्याला फिटर म्हणतात) प्रत्यक्ष काम होते, त्यांना तो कोणी समजावून सांगितलेला नसतो. अशा वेळी मालकाच्या हाती उरते ती केवळ कामगारावरची श्रद्धा, आणि श्रद्धा हा बांधकाम-साहित्याचा प्रकार नव्हे.

जुन्या पद्धतीचे गोडवे गाण्यासाठी हे लिहिलेले नाही, कारण तिच्याही पोटात झाकलेले दोष होतेच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्यांच्या सीमेवर किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्या वेळच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात मोडत होता. तिथल्या घरांच्या दगडी भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट रुंद असल्यामुळे भक्कम वाटत. प्रत्यक्षात त्यांतील अनेक भिंती म्हणजे आतली आणि बाहेरची अशा दगडांच्या दोन स्वतंत्र रांगा होत्या, मधली पोकळी दगडगोटे व मातीने भरलेली होती, आणि दोन्ही रांगांना शिवून टाकणारे, भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड घातलेले नव्हते. वर माळवद, म्हणजे लाकडी फळ्यांवर घातलेला मातीचा जाड थर, पिढ्यान्‌पिढ्या भर पडून जड झालेला होता. जमीन हलली तेव्हा भिंतीचे दोन पदर एकमेकांपासून सुटले आणि दगडमातीच्या ढिगाऱ्याखाली झोपलेली कुटुंबे गाडली गेली. ज्या घरांत माळवदाचा भार भिंतीऐवजी लाकडी खांबांवर होता, त्यांतल्या कित्येकांत भिंती पडूनही छत उभे राहिले. या घटनेनंतर मराठवाड्यात दगडाची धास्ती बसली आणि स्लॅबचे घर म्हणजे सुरक्षित घर असे समीकरण रूढ झाले; परंतु दोष दगडापेक्षा भिंतीच्या आतल्या न दिसणाऱ्या जोडकामात होता, आणि तोच निष्काळजीपणा काँक्रीटमध्ये शिरला तर डोक्यावर मातीऐवजी स्लॅब येतो एवढाच फरक.

बांधकाम सुरू होण्यापूर्वी झाकलेली पहिली गोष्ट म्हणजे जमिनीचा इतिहास. सातबारा उतारा हा गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा जोड आहे. पहिल्यात धारकांची नावे, क्षेत्र आणि हक्क असतात, दुसऱ्यात पिकांची नोंद असते. बहुतेक खरेदीदार नाव आणि क्षेत्र पाहून समाधान मानतात, वास्तविक अभ्यासायचा असतो तो 'इतर हक्क' हा रकाना, ज्यात कर्जाचा बोजा, कुळाची नोंद, वाटेचा किंवा विहिरीच्या पाण्याचा हक्क नोंदलेला असू शकतो. भोगवटादार वर्ग दोनची जमीन असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून तिचे हस्तांतरण होत नाही. नगर भूमापन झालेल्या हद्दीत सातबाऱ्याची जागा मिळकत पत्रिका घेते. शेतजमिनीवर घर बांधायचे तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार अकृषिक वापराचा, म्हणजे बोलीभाषेतील 'एनए'चा, प्रश्न येतो. शहरांच्या कडेने अर्धा-एक गुंठ्याचे तुकडे (एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, आणि चाळीस गुंठ्यांचा एक एकर) साठेखतावर किंवा सामाईक सातबाऱ्यावर विकले जातात, आणि १९४७ चा तुकडेबंदी कायदा व २००१ चा गुंठेवारी कायदा यांच्या कात्रीत सापडलेली हजारो घरे आज उभी आहेत. या नियमांत शासनाने वेळोवेळी बदल केलेले असल्याने 'शेजाऱ्याचे झाले, आपलेही होईल' हा हिशेब धोक्याचा ठरतो. खरेदीपूर्वी किमान तीस वर्षांचा हक्कशोध वकिलाकडून करून घेणे आणि भूमी अभिलेख खात्याकडून मोजणी करून 'क' प्रत, म्हणजे हद्दी दाखवणारा अधिकृत नकाशा, हाती घेणे या दोन गोष्टींचा खर्च संपूर्ण घराच्या खर्चाच्या मानाने किरकोळ असतो. कुंपण हा हद्दीचा पुरावा नाही, हे कोर्टाच्या पायऱ्या चढल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

जमिनीच्या कागदाखाली प्रत्यक्ष जमीन असते, आणि महाराष्ट्राचे वैशिष्ट्य असे की तीस-चाळीस किलोमीटरवर तिचा स्वभाव बदलतो. दख्खनच्या पठारावर, विदर्भात आणि मराठवाड्यात बऱ्याच ठिकाणी आढळणारी काळी माती कपाशीला जितकी मानवते तितकी घराला मानवत नाही. तिच्यातील चिकणमातीची खनिजे पाणी शोषून फुगतात आणि उन्हाळ्यात आक्रसतात. शेतात पडणाऱ्या हातभर भेगा हा त्याचाच परिणाम. पायाखालची माती अशी वर्षातून एकदा वर उचलली गेली आणि एकदा खाली बसली की भिंतींना खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या चिरा जातात, आणि मग दरवर्षी लांबी भरून रंग काढण्याचा कार्यक्रम सुरू होतो. यावरचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे काळ्या थराखालचा मुरूम, म्हणजे झिजलेल्या काळ्या खडकाचा भुसभुशीत पण घट्ट बसणारा थर, लागेपर्यंत खोदाई करून पाया त्यावर ठेवणे. काळा थर फार खोल असेल तर रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेला, तळाशी कंदासारखा फुगीर असलेला काँक्रीटचा पाइल वापरतात. ओलाव्याचा बदल ज्या खोलीपर्यंत पोहोचतो त्याखाली, साधारण साडेतीन मीटरवर, तो जमिनीला धरून राहतो. दोन्हींपैकी काय करायचे हे ठरवण्यासाठी माती-तपासणी हवी, आणि नेमका हाच खर्च वाचवण्याची सूचना मालकाला सगळीकडून मिळते. याहून साधी पण हमखास होणारी चूक म्हणजे पायाच्या खोदाईतून निघालेली काळी मातीच जोत्यात भर म्हणून टाकणे. ती फुकट असते. तिच्यावर बसवलेली फरशी मात्र दोन-तीन पावसाळ्यांत पोकळ वाजू लागते. जोत्यातली भर मुरमाची, थराथराने पाणी मारून आणि धुम्मस करून, म्हणजे ठोकून घट्ट बसवलेली, असावी लागते.

कोकणात प्रश्न वेगळा. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात जांभ्याचा चिरा खाणीतून काढताना तुलनेने मऊ असतो आणि हवा लागून कठीण होत जातो, म्हणून तो काढल्याबरोबर भिंतीत बसवण्याऐवजी काही काळ उघड्यावर ठेवण्याची जुनी रीत शहाणपणाची होती. घाईच्या कामात ती सुटली आहे. त्याहून मोठी विसंगती छपराची. अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात उतरत्या कौलारू छपराऐवजी सपाट स्लॅब टाकायचा, तो काही वर्षांत गळू लागला की त्यावर लोखंडी सांगाडा उभारून पत्रा घालायचा, असा एका घराला दोन छपरांचा खर्च आज गावोगाव होताना दिसतो. स्लॅबला विरोध नाही. पण पहिल्याच नकाशात उतार घेतला असता तर दुसऱ्या छपराचे पैसे वाचले असते.

नकाशाविषयी या पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे, तेव्हा येथे थोडक्यात पुरे. बृहन्मुंबई आणि काही अपवादात्मक क्षेत्रे वगळता राज्याला डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल हे सांगणारा चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजेच एफएसआय, आणि चारही बाजूंनी मोकळी सोडायची सामासिक अंतरे तिच्यातून ठरतात. लहान भूखंडांसाठी परवानगीची कार्यपद्धती सोपी केलेली आहे, परंतु कार्यपद्धती सोपी झाली म्हणून अंतरे माफ झालेली नाहीत. वास्तुशास्त्राच्या बाबतीत या पुस्तकाची भूमिका भांडणाची नाही. ज्याची श्रद्धा आहे त्याने सल्लागाराला कागदावरचा पहिला आराखडा दाखवावा, संरचना अभियंत्याने हिशेब केल्यानंतर किंवा पाया भरल्यानंतर दाखवू नये, कारण जिना या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात न्यायचा म्हणून जागेवरच एखादा कॉलम सरकवला की खालची फूटिंग, म्हणजे कॉलमचा भार जमिनीवर पसरवणारा पाया, एकीकडे आणि कॉलम दुसरीकडे अशी अवस्था होते. दिशांचा जो विचार निर्विवाद आहे तो सूर्याचा आणि वाऱ्याचा. नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेथे पश्चिमेची भिंत दुपारनंतर तापून रात्री घरात उष्णता सोडते, म्हणून त्या बाजूला झोपण्याच्या खोलीपेक्षा जिना, कोठीघर किंवा न्हाणीघर असणे सोयीचे.

आता या विषयाच्या गाभ्याकडे, म्हणजे काँक्रीटकडे, वळता येईल. बांधकामाच्या जागेवर काँक्रीटला नुसते 'माल' म्हणतात, आणि मालाचा सर्वांत मोठा शत्रू पाणी हा आहे. सिमेंटला पाण्याची रासायनिक गरज असते ती मर्यादित. त्याहून जास्त घातलेले पाणी पुढे उडून जाते आणि मागे सूक्ष्म पोकळ्या ठेवते, त्या पोकळ्यांनी ताकद घटते आणि त्यांतूनच ओल सळईपर्यंत पोहोचते. घरांसाठी सामान्यतः वापरल्या जाणाऱ्या एम-२० या दर्जाच्या काँक्रीटला (२८ दिवसांनंतर दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन दाब सहन करणारे, म्हणून वीस) ठरीव प्रमाणाच्या मिश्रणात ५० किलोच्या एका गोणीमागे जास्तीत जास्त ३० लिटर पाणी भारतीय मानकाने सांगितले आहे, आणि वाळू ओली असेल तर तिच्यातले पाणीही त्यातच धरायचे आहे. प्रत्यक्षात मिक्सरवरचा माणूस बादली मोजत नाही. तो माल पातळ करतो, कारण पातळ माल घमेल्यातून सहज सरकतो आणि सळयांच्या फटींत आपोआप जातो. व्हायब्रेटर, म्हणजे माल हलवून आतली हवा काढणारे यंत्र, वापरले तर घट्ट मालही व्यवस्थित बसतो. म्हणून मिक्सरजवळ ठराविक मापाची बादली ठेवणे, खडी आणि वाळू घमेल्यांऐवजी फरम्याने, म्हणजे मापाच्या चौकटीने, मोजून घेणे आणि त्या जागेवर एका शहाण्या माणसाला दिवसभर उभे करणे, हा मालकाला करता येण्याजोगा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचा उपाय आहे.

सळईची तपासणी मालकाला वाटते तितकी अवघड नाही. सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग केला आणि १६२ ने भागले की एक मीटरचे वजन किलोमध्ये मिळते. या हिशेबाने १२ मिलिमीटरची सळई मीटरला ०.८८९ किलो भरते आणि तिची १२ मीटर लांबीची अखंड कांडी सुमारे १०.७ किलोची होते. मानकात मान्य असलेल्या थोड्या फरकापलीकडे वजन कमी भरले तर व्यास कमी आहे हे उघड. जाडीनंतर पाहायचे ते आवरण. सळई आणि काँक्रीटचा पृष्ठभाग यांच्यामध्ये राखायच्या अंतराला आवरण किंवा कव्हर म्हणतात. सर्वसाधारण परिस्थितीत स्लॅबला २० मिलिमीटर, कॉलमला ४० आणि फूटिंगला ५० हे किमान आकडे आहेत, समुद्रकिनारी खाऱ्या हवेमुळे आवरणही वाढवावे लागते आणि काँक्रीटचा दर्जाही वरचा घ्यावा लागतो. हे अंतर राखण्यासाठी सळईखाली सिमेंटचे छोटे ठोकळे ठेवतात. ठोकळ्यांऐवजी खडीचा तुकडा सरकवण्याची सवय सर्वत्र आहे. तो ओतकामाच्या वेळी निसटतो आणि सळई थेट साच्याच्या फळीवर टेकते. पंधरा-वीस वर्षांनी छताचे पापुद्रे पडून गंजलेली सळई उघडी पडलेली दिसते तिचे मूळ बहुधा या निसटलेल्या खडीत असते.

भूकंपाच्या दृष्टीने कॉलममधील रिंगा, म्हणजे उभ्या सळयांना भोवतालून बांधणारे लोखंडी कडे, निर्णायक ठरतात. रिंगेची टोके काटकोनात वाकवून सोडली तर हादऱ्यात बाहेरचे काँक्रीट फुटताच ती उघडतात आणि उभ्या सळया धनुष्यासारख्या वाकतात. टोके १३५ अंशांत आतल्या बाजूला वळवलेली असतील तर ती काँक्रीटच्या गाभ्यात रुतून राहतात. हे वळण देण्याने जास्त लोखंड जवळपास लागत नाही, फक्त फिटरचे कष्ट थोडे वाढतात. तिसऱ्या आणि त्यावरील भूकंप विभागांत, म्हणजे मुंबई, लातूर, कोयना अशा परिसरांत, कॉलमची कोणतीही बाजू ३०० मिलिमीटरपेक्षा कमी नसावी असे २०१६ चे मानक सांगते. नऊ इंची भिंतीत लपावा म्हणून नऊ इंची कॉलम घेण्याचा रिवाज त्यात बसत नाही, आणि खोलीच्या कोपऱ्यात डोकावणारे तीन इंच हा सौंदर्यदोष मानणाऱ्याने ११ डिसेंबर १९६७ रोजीच्या भूकंपात कोयनेला काय झाले ते वाचावे. गॅलरीचे उदाहरण तर याहून बोलके. भिंतीबाहेर अधांतरी निघालेल्या गॅलरीत किंवा छज्ज्यात ताण वरच्या अंगाला येतो, म्हणून मुख्य सळई वर हवी. परंतु माल टाकताना कामगार त्याच सळयांवरून चालतात आणि त्या दबून खाली जातात. सळईखाली लोखंडी खुर्च्या, म्हणजे वाकवलेल्या सळईचे आधार, ठेवले नसतील तर कागदावर निर्दोष असलेली गॅलरी प्रत्यक्षात जवळजवळ बिनसळईची राहते.

स्लॅबच्या दिवशी नारळ फुटतो, कामगारांना जेवण मिळते, नातेवाईक येऊन फोटो काढतात. तपासणीसाठी तो दिवस मात्र उशिराचा, कारण मिक्सर सुरू झाल्यावर कोणतीही दुरुस्ती सुचवणे म्हणजे तयार माल वाया घालवणे. अभियंत्याने आदल्या दिवशी दुपारी येऊन सळई, आवरण, खुर्च्या, विजेच्या नळ्या, साच्यांचे टेकू आणि पाणसळ पाहून लेखी संमती द्यावी आणि संमतीशिवाय ओतकाम होणार नाही असे करारातच असावे. ओतकामानंतर सिमेंट मुरण्यासाठी ओलावा टिकवणे, ज्याला सर्वजण पाणी मारणे म्हणतात, साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि आज बाजारात बहुतांश मिळणाऱ्या राखमिश्रित सिमेंटला किमान दहा दिवस, कोरड्या उन्हाळ्यात त्याहूनही अधिक, आवश्यक असते. स्लॅबवर आळी करून पाणी साठवता येते म्हणून ते होते. कॉलम उभा असल्याने त्याला गोणपाट गुंडाळून ओले ठेवावे लागते आणि म्हणून ते बहुधा होत नाही. टेकू काढण्याची घाई ही दुसरी आपत्ती. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या, स्लॅबखालचे टेकू सात दिवसांपूर्वी आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे चौदा दिवसांपूर्वी काढू नयेत, बीमखालचे सहा मीटरपर्यंत चौदा आणि पुढे एकवीस दिवस ठेवावेत, असे मानक आहे. राखमिश्रित सिमेंटला ताकद सावकाश येते, तेव्हा हे आकडे कमीत कमी समजायचे. सेंटरिंगवाल्याला त्याच्या फळ्या दुसऱ्या कामावर हव्या असतात. त्याची निकड खरी असते, पण ती घराची निकड नव्हे.

करार हा शब्द आला तेव्हा दराचा उल्लेख हवा. चौरस फुटाचा एकच दर ऐकायला सोपा असतो आणि त्यातच सगळे वाद दडलेले असतात. दर साहित्यासह आहे की केवळ मजुरीचा, क्षेत्र मोजताना गॅलरी, जिन्याचे शीर्ष, पाण्याची टाकी आणि गच्चीचा कठडा धरायचा की सोडायचा, जोत्याची ठरलेल्या उंचीपेक्षा जास्त झालेली भर कोणाच्या खर्चाने, हे लिहिलेले नसेल तर काम अर्ध्यावर असताना 'एक्स्ट्रा' या नावाने दुसरे अंदाजपत्रक पुढे येते. पैसे दिवसांप्रमाणे किंवा मागेल तशी उचल म्हणून देण्याऐवजी जोते, स्लॅब, वीटकाम, गिलावा अशा पूर्ण झालेल्या टप्प्यांना बांधावेत, आणि शेवटचा काही भाग एक पावसाळा पार पडेपर्यंत अनामत म्हणून ठेवावा. गळती पावसातच कळते. मे महिन्यात सर्व हिशेब चुकता करणाऱ्याला ती जूनमध्ये एकट्याने पाहावी लागते.

पाण्याच्या वाटा या झाकलेल्या बांधकामाचा उत्तरार्ध होत. गच्चीवर विटांचे तुकडे आणि सिमेंट यांचा ब्रिकबॅट कोबा करताना ढाळ पन्हळीकडे आहे की नाही हे बादलीभर पाणी ओतून लगेच पाहता येते. न्हाणीघरातील नळ फरशीखाली बुजवण्यापूर्वी दाबाखाली रात्रभर भरून ठेवले की गळका जोड सापडतो. शोषखड्डा, म्हणजे सेप्टिक टाकीतून आलेले पाणी जमिनीत मुरवणारा खड्डा, पिण्याच्या विहिरीपासून वा कूपनलिकेपासून साधारण १८ मीटर दूर हवा. लहान भूखंडावर हे अंतर जमत नसेल तर नकाशाची सुरुवात खोल्यांपासून करण्याऐवजी शोषखड्ड्यापासून करावी. छपरावरचे पाणी साठवण्याचा हिशेब तर तोंडी होतो, कारण एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, आणि १०० चौरस मीटरच्या गच्चीवर ७०० मिलिमीटर पावसात ७० हजार लिटर पाणी उतरते.

हा विषय पुस्तकात मांडण्याची परंपरा आहे, ती विसरून चालणार नाही. पुण्याचे अभियंते आर. एस. देशपांडे यांनी १९३० च्या दशकापासून मध्यमवर्गीय घरबांधणीवर इंग्रजीत पुस्तके लिहिली; भारतीय हवामानाला साजेशा निवासी इमारतींवरील त्यांचे पुस्तक १९३१ चे आहे. लॉरी बेकर (१९१७–२००७) या केरळवासी झालेल्या वास्तुरचनाकाराने हाताने लिहिलेल्या आणि चित्रांनी भरलेल्या पुस्तिकांतून स्वस्त व टिकाऊ घराची युक्ती सामान्यांपर्यंत नेली. विटा कडेवर उभ्या ठेवून भिंतीत पोकळी राखण्याची पद्धत वापरून त्यांनी विटांची सुमारे चौथाई बचत करून दाखवली आणि पोकळीमुळे घरही थंड राहिले. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलात २५ चौरस मीटरचे घर लाभार्थ्याने स्वतः बांधायचे असते, तेव्हा अशा ज्ञानाची सर्वाधिक गरज ज्यांचे अंदाजपत्रक सर्वांत लहान आहे त्यांनाच आहे. त्यांच्यापर्यंत ते मराठीत, कामाच्या जागेवरच्या शब्दांत पोहोचणे अद्याप बाकी आहे.

पुढील प्रकरणे कामाच्या क्रमाने लावलेली आहेत आणि प्रत्येकाच्या अखेरीस तो टप्पा झाकला जाण्यापूर्वी काय पाहायचे याची नोंद दिलेली आहे. पुस्तक अभियंत्याची जागा घेण्यासाठी लिहिलेले नाही. अभियंत्याला योग्य वेळी योग्य प्रश्न विचारता यावा यासाठी ते आहे. वाचकाला एवढीच विनंती की प्रत्येक टप्प्यावर सळई, नळ्या आणि विजेच्या वाटा यांची छायाचित्रे मापपट्टी शेजारी धरून काढावीत, संरचनेचे नकाशे, माती-तपासणीचा अहवाल, जोत्याच्या तपासणीचा दाखला आणि भोगवटा प्रमाणपत्र एका फाइलमध्ये ठेवावे, आणि ग्रामपंचायतीचा नमुना आठ हा कर-आकारणीचा उतारा आहे, मालकी हक्काचा पुरावा नव्हे, हे ती फाइल पुढच्या पिढीच्या हाती देताना सांगावे.